कस्टम हाऊसच्या बेचाळीस फळ्या

१७ नोव्हेंबर २०२४, विटा

ट्रक सकाळी सातला आला. बेचाळीस फळ्या, एकेक बारा फुटांची. मागच्या अंगणात उतरवून घेतल्या आणि वर ताडपत्री टाकली. समोरच्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, पलंग करायचेत. त्यांनी मान हलवली, पण विट्यात ही थाप चालत नाही. इथे कुणाच्या दारात जुन्या लाकडाचा ट्रक लागला की तो कशासाठी लागला हे शेंबडं पोरसुद्धा सांगतं.

आमचा धंदा गलाईचा. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, जुने पाट, पायपुसणी, भट्टीतली राख विकत घ्यायची, जाळायची, धुवायची, आटवायची आणि त्यात हरवलेलं सोनं बाहेर काढायचं. या तालुक्यातली माणसं याच धंद्यावर देशभर पसरली आहेत. आमचं दुकान आंध्राच्या किनाऱ्यावर. गावात सगळे त्याला 'बंदरचं दुकान' म्हणतात, शहराचं नाव घ्यायची कुणाला सवयच नाही. आधी ते तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी चालवलं, मग अठ्ठावीस वर्षं मी, आणि या दिवाळीपासून माझा मुलगा विश्वजीत. भट्टीसमोर उकिडवं बसून माझे गुडघे गेले. बावन्नाव्या वर्षी घरी बसलो आहे आणि पहिल्याच आठवड्यात कंटाळलो आहे.

फळ्या तिथल्या जुन्या कस्टम हाऊसच्या. त्या इमारतीची सध्या डागडुजी चालली आहे. वरच्या मजल्यावर टोकाला एक खोली आहे. पकडलेलं चोरटं सोनं तिथे तपासायचे, म्हणून तिला सोन्याची खोली म्हणतात. तिची लाकडी जमीन काढून लिलावाला लावली. लिलावात बाकी सगळे फर्निचरवाले होते. त्यांना सागवान दिसत होतं, मला फळ्यांमधल्या फटी दिसत होत्या. कारण सहासष्ट ते चौऱ्याहत्तर, आठ वर्षं, त्या खोलीत बसून सोनं तपासायला कस्टमचे साहेब ज्याला बोलवायचे तो माणूस म्हणजे आमचे तात्याच.

डागडुजीचं काम बघणाऱ्या इंजिनिअर पद्मजा मॅडम त्या इमारतीचं पुस्तक काढताहेत. जमीन उकलायच्या आधी त्यांनी प्रत्येक फळीवर रंगाने नंबर टाकला आणि कुठली कुठे होती याचा नकाशा केला. ही वही त्यांनीच दिली. म्हणाल्या, ती खोली चालू असताना पाहिलेलं आता दुसरं कुणी जिवंत नाही, वडील सांगतील ते लिहून पाठवा. मी हो म्हणालो. पण त्यांना पाठवायचं ते वेगळ्या कागदावर लिहीन. इथे माझं मी लिहीन.

तर माझं हे. चौऱ्याहत्तर साली आठ वर्षांत तपासायला दिलेल्या आणि परत जमा झालेल्या सोन्याचा मेळ घातला तेव्हा सव्वातीन तोळे सोनं कमी भरलं. गुन्हा नोंदला नाही, काही शाबीत झालं नाही, पण तात्यांना परत बोलावणं आलं नाही. आणि 'तात्याबानं सरकारचं सोनं खाल्लं' हे बोलणं विट्यात राहून गेलं. ते सोनं जमिनीत गेलं होतं हे मला या फळ्या जाळून दाखवायचंय. जमिनीत काहीच निघालं नाही तर काय, ते मी आज लिहीत नाही.

१८ नोव्हेंबर

तात्या सकाळी काठी टेकत अंगणात आले. वय त्र्याऐंशी. ताडपत्री स्वतः बाजूला केली, एका फळीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "सोन्याच्या खोलीतली हाय."

मी म्हणालो, हो.

"ही खिडकीखालची न्हवं?"

एकविसावा नंबर होता. नकाशात पाहिलं तर खरंच खिडकीखालची. पन्नास वर्षांनी माणूस लाकूड ओळखतो म्हणजे काय म्हणायचं.

मग तिथेच दगडावर बसून त्यांनी मला ती जमीन समजावून सांगितली. इमारत बांधली तेव्हा बंदरात सुतार म्हणजे जहाजाचे सुतार. घराची जमीन त्यांना ठाऊकच नव्हती. मग त्यांनी जहाजाच्या डेकसारखी जमीन केली. ब्रह्मदेशातून आलेलं सागवान, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, फटीत ताग ठासलेला आणि वर डांबर. मधून किंचित उंच, दोन्ही कडांना किंचित उतार, म्हणजे पावसाचं पाणी खिडकीतून आत आलं तरी वाहून जावं. शंभराहून जास्त वर्षं पाणी आलं आणि वाहून गेलं. मी अठ्ठावीस वर्षं त्या इमारतीसमोरून दुकानात गेलो आणि मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, जुनी आहे, मोठी आहे, सावली चांगली पडते.

उठताना तात्या म्हणाले, "जाळायच्या न्हाईत ह्या."

मी विचारलं, का?

"आरं, असलं लाकूड परत मिळायचं न्हाई."

ह्याच माणसाने एका सोनाराची शिसवी बैठक माझ्यादेखत कुऱ्हाडीने फोडून भट्टीत घातली होती. तेव्हा लाकडाचं काही वाटलं नव्हतं. म्हातारपणी माणूस हळवा होतो, दुसरं काय.

२१ नोव्हेंबर

पद्मजा मॅडमचा फोन. तात्यांना दिला. दोघं तेलुगूत पाऊण तास बोलले. तात्या इतके मोकळे बोलताना मी बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते. मध्येच हसले. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

फोनवरून जे कळलं ते असं. इमारत उभी राहिली तेव्हा समुद्र तिच्या पायऱ्यांना लागत होता. होडीतून उतरलेला माणूस पाय ओले न करता थेट जकात भरायच्या खोलीत जायचा. वरच्या मनोऱ्यावर निशाण चढलं की गावाला कळायचं, बोट आली. मग बंदर वाढत गेलं, भर घालत घालत समुद्र मागे हटवला, आणि आता पाणी दीड मैल लांब आहे. मधे कंटेनरांच्या रांगा आणि क्रेनी. मागे कस्टमची नवी सात मजली काचेची इमारत. एवढी उलाढाल आज त्या बंदरात होते की तिथल्या साहेबांना जेवायला फुरसत नसते. आणि ती सगळी उलाढाल ह्या एका जुन्या दगडी घरापासून सुरू झाली.

वादळाची गोष्ट तात्यांनी तिथल्या म्हाताऱ्या शिपायांकडून ऐकलेली. किनाऱ्यावरच्या झोपड्या गेल्या तेव्हा कस्टमच्या साहेबाने खालच्या लांबच लांब हॉलची दारं उघडली. तीन दिवस आठशे माणसं आत. लोक ओलेचिंब, थंडीने काकडलेले. साहेबाने गोदामाचं सील तोडलं आणि जप्त केलेल्या कापडाचे गठ्ठे उघडून सगळ्यांना वाटले. नंतर वर खुलासा लिहिला: 'माल मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, दिला आहे.' त्याचं पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही. तात्या म्हणाले, "त्यो कागुद भिंतीवर लावायला पायजे." मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

मलाही आवडलं. मी पाहिलेले साहेब असा खुलासा लिहिणारे नव्हते.

२६ नोव्हेंबर

आज सोन्याची खोली. तात्या अंगणात खुर्ची टाकून बसले, आई शेजारी डाळ निवडत होती, मी लिहून घेत होतो.

खोलीत तराजू काचेच्या पेटीत. इतका हळवा की जवळ कुणी श्वास सोडला तरी काटा हलायचा. म्हणून वजन करताना पंखा बंद, खिडक्या बंद, आणि साहेबासकट सगळ्यांनी तोंडावर रुमाल धरायचा. परदेशी बिस्किटं मेजावर मांडली जायची. तात्या खिडकीखाली पाट टाकून बसायचे. छिन्नीने कोपरा उडवायचा, कानशीने घासायचं, कसोटीवर रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब टाकायचा आणि सांगायचं. साहेब लिहून घ्यायचे. त्यांच्या शब्दावर कोर्टात खटला उभा राहायचा. तेव्हा तात्या पंचविशी-तिशीतले, चौथी पास.

"मांडीवर वल्लं फडकं," तात्या म्हणाले. "काम झालं की फडकं त्यांच्याच ताब्यात द्यायचं. हात परातीत धुवायचं, ते पाणीबी त्यांचंच. आठ वर्सात खाली कण पडला न्हाई. मोठं साहेब नव्या साहेबास्नी घिऊन यायचं, माज्या हाताकडं बोट करायचं अन् म्हणायचं, हे बगा, असं काम पायजे."

आई उठून आत गेली. डाळ निवडून झाली असावी.

तात्यांचा स्वभाव असाच. जेवताना ताटाबाहेर शीत पडलेलं आम्ही कधी पाहिलं नाही, आणि आमचं पडलं तर ते उचलून तोंडात घालेपर्यंत बघत राहायचे. आता हात थरथरतो. आई त्यांना अर्धाच कप चहा देते, मग पुन्हा अर्धा. दोघांपैकी कुणी त्याबद्दल बोलत नाही.

२ डिसेंबर

आज लालासाहेबांकडे गेलो होतो. तात्यांच्या बरोबरीचे. बंदरावर तात्यांच्या शेजारी त्यांचं दुकान होतं. आता द्राक्षबागेचं बघतात, म्हणजे नातू बघतो आणि हे त्याला चुका सांगतात. फळ्यांचं त्यांना मी सांगायच्या आधीच कळलेलं होतं.

म्हणाले, "लय बेस केलंस. पर पन्नास वर्सं उशीर झाला गड्या."

मी विचारलं, म्हणजे?

"आरं, तूट निघाली तवा आमी समद्यांनी त्याला सांगितलं. सायबाला म्हण, जमीन उकला. आमच्या हातात द्या, आमी जाळून दावतो. गलाईवाल्याला ह्ये सांगाय लागतंय व्हय? पर तुजा बा तोंड उघडंना. सायबानंबी इचारलं म्हनं, काय सांगायचं हाय का. तर न्हाई म्हणला."

मी विचारलं, का?

त्यांनी तंबाखू मळून संपवली. "आता त्ये तुजं तू बग."

परत येताना मी मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीमागे सावकाश चालवत आणली. पुढे जायची घाई वाटेना. कुठलाही गलाईवाला पहिलं काय म्हणेल, तर जमीन उकला. जो माणूस ते म्हणत नाही, त्याला एक तर धंदा कळत नाही, नाही तर जमिनीत काही नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. तात्यांना धंदा कळत नाही असं तर कुणी म्हणणार नाही.

लिहिलं. आता खोडत नाही.

९ डिसेंबर

पद्मजा मॅडमचा फोन, पण आज माझ्यासाठी. त्यांना जुन्या दप्तरात एक फाईल सापडली आहे. चौऱ्याहत्तरची, तुटीची. त्यात तात्यांचं पूर्ण नाव, गाव विटा, आणि खाली शेरा: 'तपासनीसाने कोणताही खुलासा दिला नाही.' मॅडमनी फार संकोचून सांगितलं. पुस्तक महिनाअखेर छापायला जायचंय. त्या म्हणाल्या, तुमची इच्छा नसेल तर ही फाईल मी पुस्तकात घेणार नाही. पण आठ वर्षांच्या कागदांत तुमच्या वडिलांचं नाव फक्त ह्या एकाच कागदावर आहे. बाकी सगळीकडे नुसतं 'तपासनीस'. फाईल सोडली तर नाव पण सोडावं लागेल, कारण आधार दुसरा नाही.

म्हणजे नाव आलं तर तुटीसकट येणार, नाही तर येणारच नाही.

मी म्हणालो, दहा दिवस द्या.

तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नाव नको मग." आणि पुन्हा म्हणाले, "फळ्या मातूर जाळू नगंस." इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मला भीती वाटली. चोरी केलेल्या बापाबरोबर राहता येतं का, असा विचार करत बसलो. येतं, असं उत्तर आलं, कारण पन्नास वर्षं राहिलोच आहे. मला त्यांनी गुंजभरही खोटं वजन करू दिलं नाही. कुठले तात्या खरे धरायचे?

१२ डिसेंबर

आईने विचारलं, मॅडमचा फोन कशाचा होता. मी टाळणार होतो, पण ती समोर बसूनच राहिली. सगळं सांगितलं. फाईल, शेरा, लालासाहेब.

आई सत्त्याहत्तर वर्षांची. मोठ्याने बोलताना मी तिला ऐकलेलं नाही, आजही नाही. म्हणाली, "लगनात बायका दागिनं काढून ठेवत्यात त्या खोलीत मी बसले, की कोण ना कोण माज्याजवळ येऊन बसतंय. गप्पा मारतंय. मी उठले की तीबी उठती. पन्नास वर्सं. माज्याच पोरीच्या लगनात बी."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या घरात, माझ्या बहिणीच्या लग्नात, आणि मी मांडवाचे बांबू मोजत फिरत होतो.

"जाळ फळ्या," आई म्हणाली. "काय निगंल ते निगू दे. न्हाई निगालं तरी चालंल. मला कळू दे एकदाचं, मी कुणाची बायको हाय."

तात्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. वळले आणि जरा वेळाने परत आले. म्हणाले, "समद्या नगं. खिडकीखालच्या सा जाळ. एकुणीस ते चोवीस. मी तितंच बसायचो."

१५ डिसेंबर

सकाळी सहा फळ्या जाळल्या. अंगणात चर खणून, खाली पत्रा, वरून पत्रा, म्हणजे राख उडू नये. डांबरामुळे काळा धूर झाला. समोरचे गच्चीवर आले आणि पलंगांबद्दल काही बोलले नाहीत.

आत टाकण्याआधी मी एकोणिसावी फळी उभी करून पाहिली. खालच्या बाजूला सुताराच्या खुणा जशाच्या तशा, रंध्याचा एकेक हात दिसत होता. जिथे कुणी बघणार नाही तिथेसुद्धा त्याने गुळगुळीत केलेली. असं काम करणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. वाईट वाटलं. तरी टाकली.

तात्या खुर्चीवर बसून होते, शेवटचा निखारा विझेपर्यंत. मी दोनदा सांगितलं, थंडी आहे, आत जा. गेले नाहीत.

१६ डिसेंबर

राख चाळली, खलली, परातीत धुतली. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. दिवसभर पाणी ओतायचं, हलवायचं, वरचं सांडायचं, तळाचं राखायचं. हात सुरू झाला की डोकं बंद होतं, म्हणून हा धंदा मला आवडतो. तात्यांनी एकदाच तोंड उघडलं. "परात हळू फिरीव."

१७ डिसेंबर

दुपारी मूस भट्टीतून काढली. शिसं आणि सवागी, म्हणजे टाकणखार, घालून आटवलेलं, मग शिसं जाळून उडवलेलं, मग तेजाबात. अंगणात आम्ही तिघंच होतो. तळाशी मणी बसलेला. पिवळा, चांगला बोराएवढा. काट्यावर टाकला. दोन तोळ्यांना थोडा कमी.

सहा फळ्यांत इतकं, बाकीचं आजूबाजूच्यांत असणार. मी म्हणालो, "तात्या, मिटलं. जमिनीतच होतं. तुम्ही खाल्लं नव्हतं."

तात्यांनी मणी तळहातावर घेतला. "म्या खाल्लं न्हाई ते मला ठावंच हुतं की," असं म्हणाले. मग कितीतरी वेळ मण्याकडे बघत राहिले. "एवढं सांडलं व्हय माज्याकडनं."

त्यांच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा मला कळलं की मी आनंदात एकटाच आहे.

आई पुढे आली. "आवं, म्हंजी तुमाला ठावं हुतं? जमिनीत असंल म्हणून?"

"वाटत हुतं."

"मग तवाच का न्हाई म्हणला, जमीन उकला?"

तात्यांनी मणी काट्यावर परत ठेवला. मग हळूहळू म्हणाले, "सायब लोक लांबलांबनं माजा हात बगाय येत हुतं. एवढं मोठं दगडी घर, एवढ्या शिकल्याली माणसं, अन् चौथी शिकल्याल्या गड्याला म्हणत हुती, ह्याच्याकडनं कण पडत न्हाई. जमीन उकलली असती, अन् निगालं असतं म्हंजी?"

"म्हंजी चोर ठरला नसता."

"चोर म्हणत हुती ते खोटं हुतं. खोटं ऐकून घेता येतंय. ह्ये खरं ठरलं असतं."

मी इतके दिवस ह्या वहीत काय काय लिहिलं ते आठवून मान खाली घातली. लाकूड वाचवा म्हणत होते ते लाकडासाठी नव्हतं, आणि मला वाटलं त्यासाठीही नव्हतं.

आईचा आवाज आजही चढला नाही. "तुमच्या हाताच्या अब्रूपायी मला पन्नास वर्सं चोराची बायको केलंसा. मला तर सांगायचं. मी कुणाला सांगितलं नसतं. मला नुसतं ठावं असतं तरी झालं असतं."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू तर समद्यात आदी म्हणायचीस," ते म्हणाले, "तुमच्याकडनं कायबी सांडत न्हाई."

आई पायरीवर बसली आणि रडली. तात्या तिच्या शेजारी खाली बसले, काठी बाजूला ठेवून. मी भट्टी विझवायचं निमित्त करून उठलो. राग तिच्या बाजूने येत होता आणि माया त्यांच्या बाजूने, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते मला सुचेना.

१९ डिसेंबर

मॅडमना सगळं फोनवर सांगितलं. उरलेल्या छत्तीस फळ्या परत मिळतील का, विचारत होत्या. सोन्याची खोली होती तशी मांडून लोकांना दाखवायची म्हणतात. छत्तीस फळ्यांत अजून सव्वा तोळा नक्की असेल. गलाईवाल्याने असा माल परत करायचा म्हणजे धंद्याला बट्टा. मी म्हणालो, ट्रक पाठवा.

मण्याचं तात्या म्हणाले, सरकारचा आहे, परत द्या. मॅडम हसल्या, घ्यायला कुठलं खातं नाही, म्हणाल्या. तिथेच काचेखाली ठेवायचा असं ठरलं.

२० डिसेंबर

पुस्तकात जायचा मजकूर तात्यांनी स्वतः सांगितला, मी लिहिला. तीनदा खोडून चौथ्यांदा पक्का केला. असा आहे:

'या खोलीत १९६६ ते १९७४ सोनं तपासायचं काम विट्याच्या तात्याबाने केलं. जमीन जहाजाच्या सुतारांनी केलेली होती आणि ती चांगली होती. तुटीचं सोनं तिच्या फटीत गेलं होतं. ते तात्याबाच्या हातून सांडलं. त्याला तेव्हाच शंका होती, पण त्याने ती कुणाला सांगितली नाही.'

मी वाचून दाखवलं. आई ऐकत होती. म्हणाली, "बायकोलाबी न्हाई, असं लिव."

मी तात्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "लिव की. खरंच हाय." मी लिहिलं.

फोटो काढून मॅडमना पाठवला. माझ्या लेखी काम झालं होतं. मी वही मिटत होतो तेवढ्यात आईने तो कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही. घडी केली, पदर सारखा केला आणि चपला घातल्या.

"पुस्तक छापंल तवा छापंल," ती म्हणाली. "हितं कोण वाचतंय ते. चला."

मी म्हणालो, मी येतो वाचून दाखवायला.

"तू नगं. ह्येंनी वाचायचं."

तात्या उठले. टोपी घातली, चष्मा घेतला, काठी घेतली. ते पडतील की काय म्हणून मी मागून चालत राहिलो. पहिलं घर लालासाहेबांचं. ते ओसरीवर होते, सूनही बाहेर आली, नातूही. बसा म्हणाले, तर आई बसली नाही, म्हणून तात्याही बसले नाहीत. उभ्यानेच कागद उलगडला. सुतारांचं वाचलं, फटीचं वाचलं. 'तात्याबाच्या हातून सांडलं' इथे आले तेव्हा मला वाटलं आवाज खाली जाईल. गेला नाही. 'बायकोलाही नाही' हेही तसंच वाचलं, तिच्याकडे न बघता.

लालासाहेबही उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तात्याबा, आमच्याकडनं समद्यांकडनं सांडतंय रं."

"माज्याकडनं सांडत न्हाई म्हणत हुता तुमी," तात्या म्हणाले.

सुनेने आईला हळदीकुंकू लावलं आणि आत चला म्हणाली. आई म्हणाली, परत येईन. तिने तात्यांच्या हातातून कागद घेतला, घडीवर घडी घातली आणि त्यांनाच परत दिला.

"आता पुढचं घर," ती म्हणाली.